सौम्य कासदाह: ट्यूब लगेच सोडायची की एक दिवस थांबायचं?

पहाटधार:
काल धारेला बसले. पुढच्या उजव्या सडाच्या पहिल्या तीन धारा काळ्या तळाच्या कपात घेतल्या, तर तांदळाच्या कणीएवढ्या गाठी. कास मऊ, ताप नाही, गाय निवांत रवंथ करत होती. पूर्वी मी त्याच क्षणी सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली असती. काल नाही सोडली. सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने बोळा स्वच्छ निघेपर्यंत पुसलं, निर्जंतुक बाटलीत नमुना घेतला आणि डॉक्टरांना विचारून सूज-वेदनेसाठी मेलोक्सिकॅम दिलं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. नुसतं दूध बिघडलंय आणि गाय धडधाकट आहे, अशा वेळी जंतू कोणता ते कळेपर्यंत, म्हणजे साधारण 24 तास, प्रतिजैविक देऊ नये. अशा बऱ्याच नमुन्यांत काहीच वाढत नाही. गाठी दिसेपर्यंत गायीच्या पांढऱ्या पेशींनी जंतू संपवलेला असतो. सौम्य दुखण्यात ई. कोलायसुद्धा बहुतेकदा गाय स्वतःच निपटते. मग ते औषध नेमकं कशावर चालणार?

जुना गोठा:
ताई, मी असाच थांबलो होतो. सकाळी चार गाठी, संध्याकाळी गाय दावणीला मान टाकून बसलेली, डोळे खोल गेलेले, कान गार. तो सड कायमचा गेला. गाय वाचली हेच नशीब. कागदावर 24 तास म्हणणं सोपं आहे. माझ्या नमुन्याचा अहवाल चौथ्या दिवशी आला, तोवर काय करायचं? शिवाय स्ट्रेप्टोकोकस अ‍ॅगॅलॅक्टिया असला तर तो हातातून, फडक्यातून, यंत्राच्या कपांतून पुढच्या गायीत जातो. त्याला पेनिसिलिन छान लागू पडतं. तिथे वाट बघणं म्हणजे रोग पसरायला मोकळीक देणं.

कासवैद्य:
दोघांचा अनुभव खरा आहे, पण आजार एकच नाही. फक्त दूध बिघडलं तर सौम्य, कासही सुजली तर मध्यम, आणि गाय चारा सोडते, तापते किंवा गार पडते तेव्हा तीव्र. तीव्र दुखण्यात कुणीही थांबा म्हणत नाही. तिथे जंतू रक्तात उतरण्याचा धोका असतो, त्यामुळे शिरेतून सलाइन, वेदनाशामक आणि इंजेक्शनचं प्रतिजैविक त्याच तासाला हवं. दादा, तुमच्या गायीला सकाळीच ट्यूब सोडली असती तरी सड वाचला असता असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. कोलायच्या विषाने होणारं नुकसान ट्यूबने थांबत नाही.

आणि सरसकट ट्यूब सोडून काय साधतं तेही बघा. मायकोप्लाझ्मा या जंतूला पेशीभित्तिकाच नसते, आणि पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन त्याच भिंतीवर घाव घालतात, म्हणून ती त्याच्यावर निरुपयोगी. स्टॅफिलोकोकस ऑरियस कासेच्या आत बारीक गळू करून दडतो. जुन्या दुखण्यात ट्यूबमागून ट्यूब सोडली तरी तो परततो, आणि शेवटी ती गाय कळपातून काढावी लागते. मला सर्वांत जास्त चिंता सेफ्टिओफरसारख्या तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिन औषधांची वाटते. माणसाच्या गंभीर आजारांत लागणारा हा गट आपण दोन गाठींसाठी झिजवतोय.

संकलक:
मी दूध संकलनात आहे. औषध दिलेल्या एका गायीचं दूध चुकून मिसळलं तरी अख्खी टाकी परत जाते. विरजणाचे जंतू दुधातल्या औषधाच्या अंशाने मरतात, दही लागत नाही. लेबलवरचा दूध वगळण्याचा काळ शेवटच्या डोसपासून मोजायचा असतो, पहिल्या नव्हे. इथे फार चुका होतात.

जुना गोठा:
डॉक्टर, सौम्य-तीव्र मान्य. पण मग गाय आटवताना, म्हणजे पुढच्या वेताआधी धार बंद करताना, चारही सडांत ट्यूब सोडायची तीही चूक का? 1960च्या दशकात इंग्लंडमध्ये बसवलेल्या कासदाह रोखण्याच्या पाच कलमी कार्यक्रमात ती होती. त्यामुळे कळपच्या कळप सुधारले.

कासवैद्य:
चूक नव्हती. तेव्हा संसर्गजन्य जंतू घरोघर होते. आता युरोपीय संघात 28 जानेवारी 2022 पासून प्रतिजैविकांचा असा नेहमीचा प्रतिबंधक वापर बंद आहे. आटवण्याआधी सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, कासदाहाची गोठ्यातली चाचणी) करा: चार वाट्यांत चार सडांचं दूध, तेवढंच चाचणीचं द्रावण, तबकडी गोल फिरवायची. जिथे चिकट जेल धरतं तिथे पांढऱ्या पेशी वाढल्यात, त्या गायीला औषध. बाकीच्यांना सडाचं तोंड बुजवणारं बिस्मथ सबनायट्रेटचं सील पुरे, मात्र ते सोडताना सडाचं टोक अगदी स्वच्छ हवं. सील जंतू मारत नाही, नुसतं दार बंद करतं. घाण आत गेली तर तीही आतच कोंडली जाते.

जुना गोठा:
सील करून बघेन. पण अहवाल वेळेत मिळत नसेल तिथे मी ट्यूबच सोडणार.

पहाटधार:
दादा, अहवालाला चार दिवस लागत असतील तर तुमचं बरोबर आहे. मीही थांबणं अटीवर ठेवलंय. दर चार तासांनी ताप मोजायचा, कास चाचपायची, कान गार लागला की फोन. काल रात्री दोनदा उठले. आज नमुन्यात काहीच वाढलं नाही, गाठी कमी झाल्यात, दूध अजून पातळ आहे. ते वेगळंच काढतेय. धारेनंतर सड आयोडीनमध्ये बुडवून पुढ्यात ताजा चारा टाकला, म्हणजे सडाचं तोंड मिटेपर्यंत अर्धा तास तरी ती उभी राहील.