बेस गिटारचा ब्रिज गंजलाय, कोणता बसवू? (बजेट ३,०००)

चारतारी
नमस्कार मंडळी. माझ्याकडे फेंडर जॅझच्या नमुन्यावरचा चार तारांचा बेस आहे, २०१४ साली सेकंडहँड घेतलेला. आमचा वाद्यवृंद आहे, गणपती ते दिवाळी बऱ्यापैकी कार्यक्रम असतात. घर रत्नागिरीत मिऱ्याच्या बाजूला, खाऱ्या हवेने ब्रिजची (तारांचं खालचं टोक धरणाऱ्या धातूच्या भागाची) वाट लागली आहे. ई या सर्वांत जाड तारेच्या सॅडलचा (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याचा) एक ग्रब स्क्रू (उंची ठरवणारा बिनडोक्याचा स्क्रू) गंजून जाम झालाय, त्याचा खाचा झिजल्यामुळे ॲलन की नुसतीच फिरते. दुसरा इतका सैल की दोन गाणी झाली की खाली बसतो. मग सॅडल तिरकं होतं आणि तार नेकवरच्या (मानेवरच्या) पाचव्या फ्रेटपर्यंत (आडव्या पट्टीपर्यंत) खरखरते. मागच्या विसर्जनाच्या आदल्या रात्री सॅडलखाली एसटीच्या तिकिटाची घडी सरकवून कार्यक्रम निभावला.
बजेट ३,००० रुपये, त्याच्या वर शक्य नाही. कोणता ब्रिज घ्यावा? आगाऊ धन्यवाद.

धोबीतलाव
डोळे झाकून गोतोह २०१ हा ब्रिज घ्या. मी सहा वर्षांपूर्वी बसवला, साडेसात हजार पडले, आणि तेव्हापासून सॅडलला हात लावायची वेळ आली नाही. पितळी सॅडल, स्टीलची प्लेट, जुनीच पाच भोकं जुळली. एकदाच खर्च करा, चांगला करा.

डोंबिवलीकर
गोतोह चांगलाच आहे, पण जड ब्रिज लावायचाच तर हिपशॉटचा किकॲस बघा. माझा मेहुण्याने येताना आणला. डी तारेवरचा सूर आता असा लांबतो की पुढच्या मात्रेवर हाताने दाबून थांबवावा लागतो. आमच्या बँडमधल्या कीबोर्डवाल्याने न सांगता ओळखलं.

चारतारी
दोघांचे आभार. पण बजेट ३,००० आहे हो.

मंद्रसप्तक
जड ब्रिजने सस्टेन (सूर टिकण्याचा वेळ) वाढतो हे मला पटत नाही. मी ब्रिज बदलताना मुद्दाम तारा जुन्याच ठेवल्या आणि आधी-नंतर दोन्ही वेळा रेकॉर्ड केलं. आठ दिवसांनी ऐकलं तेव्हा कुठलं कुठलं ते मलाच सांगता येईना. लोक ब्रिजबरोबर नव्या तारा चढवतात आणि श्रेय ब्रिजला देतात. बेसवादक जेम्स जेमर्सनचा १९६२चा प्रिसिजन बेस घ्या. साधा ब्रिज, वर्षानुवर्षं न बदललेल्या फ्लॅटवाउंड (गुळगुळीत पृष्ठभागाच्या) तारा, आणि मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीची अर्धी गाणी त्या आवाजावर उभी आहेत.

डोंबिवलीकर
मग बेसवादक मार्कस मिलरने १९७७च्या जॅझ बेसवर बॅडॲस हा जड ब्रिज का ठेवला? उगीच?

मंद्रसप्तक
त्याच्या बेसमध्ये प्रीॲम्पही (आवाज घडवणारं सर्किट) आहे आणि मुख्य म्हणजे त्याचा तारा आपटून वाजवणारा अंगठा आहे. यातलं काय एकट्या ब्रिजमुळे, हे वेगळं कसं काढणार?

डोंबिवलीकर
कानाने. मला फरक ऐकू येतो, माझ्यासाठी तेवढं पुरे.

मडगावकर
भांडण राहू दे, चारतारींच्या कामाचं सांगतो. नवा ब्रिज घेण्याआधी तीन गोष्टी पट्टीने मोजा. पहिली, पाच स्क्रूंची जागा. दुसरी, ई ते जी सॅडलमधलं अंतर. चार तारांच्या फेंडर पद्धतीत शेजारच्या दोन तारांमध्ये साधारण १९ मिमी असतात. तिसरी, प्लेटची जाडी. ही लोक विसरतात. प्लेट जाड आली आणि सॅडल पुरेसं खाली जाईना, तर ॲक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची) जास्त राहते आणि मग नेकच्या सांध्यात पातळ पट्टी घालत बसावं लागतं.
आणि ब्रिजखाली एक उघडी तार दाबलेली असते, अर्थिंगची. माझ्याकडून ती ब्रिज बसवताना बाजूला सरकली. लग्नाच्या हॉलमध्ये तारांवरचा हात उचलला की ॲम्प गुणगुणायचा, हात ठेवला की वाढायचा. पिकअप (तारांचा आवाज पकडणारी चुंबकं) बदलायला निघालो होतो. शेवटी ब्रिज उचलला तर तारेचं टोक लाकडात दबलेलं. ते धातूला टेकायला हवं, एवढंच काम होतं.

नवशिका_नाशिक
मी ऑनलाइन ९०० रुपयांचा ब्रिज मागवला होता. फोटोत पाच भोकं दिसली म्हणून घेतला. आल्यावर कळलं की भोकांचं अंतर वेगळं. नवी भोकं पाडली, ती जरा तिरकी गेली आणि आता ई तार नेकच्या अगदी कडेवरून जाते, दाबताना घसरते. जुन्या भोकांत टूथपिक आणि फेव्हिकॉल भरलं, ते मात्र पक्कं बसलं. विकणाऱ्याने परत घेतला नाही. मोजल्याशिवाय घेऊ नका.

सॅनहोजेकर
इतक्या जुन्या बेसवर पैसे घालण्यापेक्षा तो विकून नवा घ्या. मी इथे दोन वर्षांपूर्वी पाच तारांचा घेतला, खालची बी तार मिळाल्यावर परत चारवर जाववत नाही.

चारतारी
विकायचा नाही. नेक हाताला बसली आहे.

कुडाळचा_ढोलकीवाला
वरचे सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण गोतोह २०१ बघा. भाचा वापरतो.

मंद्रसप्तक
चारतारी, तुमची तक्रार नीट वाचली तर ब्रिज गेलेला नाही, दोन स्क्रू गेलेत. आशियात बनलेल्या बहुतेक बेसवर ते एम३ असतात, १.५ मिमीच्या ॲलन कीचे. अमेरिकन बेसवर इंचाचे माप येतं, ते आधी बघा. चारही तारा हळूहळू आणि बरोबरीने सैल करा. मिळून ७० किलोच्या पुढचा ताण असतो, एकदम सोडू नका. सॅडल काढून बाहेर घ्या, डब्ल्यूडी-४० (गंज सोडवणारं तेल) घालून रात्रभर ठेवा. बेसवर असताना फवारू नका, लाकूड पितं. नाहीच सुटला तर सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूवर मिनिटभर धरा आणि गरम असतानाच फिरवा. स्टेनलेसचे आठ ग्रब स्क्रू १०० रुपयांच्या आत येतात.

धोबीतलाव
स्क्रू बदलून दोन पावसाळे काढाल, तिसऱ्याला परत हेच. मी लिहून देतो.

चारतारी (तीन आठवड्यांनी)
काय केलं ते सांगतो. मंद्रसप्तक म्हणाले तसं सॅडल काढलं, तेल, सोल्डरिंग, सगळं केलं. स्क्रू सुटला, पण सॅडलच्या आतले आटे भुगा होऊन बाहेर आले. नवा स्क्रू धरायला जागाच नाही. बाकी तीन सॅडलही आतून पोखरलेली निघाली.
मावसभाऊ कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर आहे. जी तारेचं सॅडल त्यातल्या त्यात शाबूत, ते नमुना म्हणून घेऊन एसटीने गेलो. त्याने ८ मिमीचा पितळी रॉड लावला, चार तुकडे कापले, एम३चे आटे पाडले आणि प्रत्येकावर तारेसाठी उथळ खाच मारली. ई ची रुंद, जी ची अगदी रेघेएवढी. कडा पॉलिश पेपरने मारल्या, नाहीतर तार तिथेच तुटते. पितळ, स्टेनलेस स्क्रू आणि प्रवास धरून १,१५० रुपये झाले. मजुरी त्याने घेतली नाही, मावशीने जेवल्याशिवाय सोडलं नाही.
जुनी प्लेट घासून परत लावली. मडगावकर, अर्थिंगची तार आधी पॉलिश पेपरने चकचकीत केली, मगच स्क्रू आवळले. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर जुळवत बसलो. ई चा दाबलेला चढा येत होता, सॅडल जवळजवळ ३ मिमी मागे घ्यावं लागलं. ॲक्शन सतराव्या फ्रेटवर ई ला २.४ आणि जी ला २ मिमी.

डोंबिवलीकर
मेहनत छान, पण तीच पातळ प्लेट ठेवलीत. त्यात थोडी भर घालून ब्रिजच घ्यायचा होता.

चारतारी
प्लेट सरळ आहे आणि लाकडातले पाचही स्क्रू घट्ट आहेत, ते उपटायला मन झालं नाही. शनिवारी सावर्ड्याला साडेतीन तास वाजवलं. ई एकदाही खरखरली नाही. उरलेल्या पैशांत फ्लॅटवाउंड तारा येतील का? कोणत्या घेऊ?

धोबीतलाव
त्यासाठी नवा धागा काढा. माझ्याकडे चार प्रकार वापरून झालेत, सविस्तर लिहितो.