मदत हवी आहे: आरव्ही-७ विमानाचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) बदलायचा आहे

नमस्कार मंडळी. मी टेक्सासमध्ये असतो. स्वतः बांधलेलं छोटं विमान आरव्ही-७, इंजिन लायकॉमिंग ओ-३६०, दोन मॅग्नेटो (इंजिनाच्या ठिणगीसाठी स्वतःच वीज बनवणारे). परवा हवेत असताना व्होल्टेज १४.२ वरून १२.४ वर आलं आणि घसरतच राहिलं. मॅग्नेटोंना बॅटरी लागत नाही, त्यामुळे इंजिनाला काही झालं नाही. नको ती उपकरणं बंद करून सुखरूप उतरलो.

जमिनीवर तपासलं: पट्टा शाबूत, फील्डचा (अल्टरनेटर चालू ठेवणाऱ्या गुंडाळीचा) ब्रेकर जागेवर, फील्डच्या तारेत १२ व्होल्ट येतात, बॅटरीकडे जाणारी जाड तारही घट्ट. म्हणजे अल्टरनेटरच गेलाय.

आता नवा कोणता घ्यावा? रेग्युलेटर (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) आतच असलेला की वेगळा? आतला बसवायला सुटसुटीत, पण तो बिघडून व्होल्टेज भडकलं तर काही मॉडेल पॅनेलवरच्या स्विचने बंदच होत नाहीत. सगळा एव्हिऑनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं) त्याच बसवर, म्हणजे त्याच वीजपुरवठ्यावर, आहे, म्हणून मला वेगळा रेग्युलेटर आणि १६ व्होल्टच्या आसपास फील्डचा ब्रेकर पाडणारं संरक्षण जास्त भरवशाचं वाटतं. कोणी दोन्ही वापरलेत का?

दुसरं, पट्ट्याचं. तो प्रॉपेलरच्या मागच्या रिंग गिअरच्या (स्टार्टरने फिरणाऱ्या दातेरी चकतीच्या) पुलीवर असतो, त्यामुळे बदलायचा तर प्रॉपेलर उतरवावाच लागतो. जुना पट्टा अजून चांगला दिसतोय. तरी आत्ताच बदलावा का? काहीजण जादा पट्टा आधीच पुलीमागे ओवून बांधून ठेवतात. तो उष्णतेने कडक होत नाही का?

आणि पट्ट्याचा ताण अंगठ्याने दाबून बघता, की पुलीच्या नटावर टॉर्क रेंच लावून?