"बफर वाढवा, रीस्टार्ट मारा" हा सल्ला बंद करा

रातपाळी
काल इथे एकाने लिहिलं, "पॅकेट ड्रॉप होतायत? एनएमबीक्लस्टर्स चौपट करा, बूट मारा, विषय संपला." (बफर म्हणजे नेटवर्कचा डेटा तात्पुरता ठेवायचा मेमरीतला डबा, आणि एनएमबीक्लस्टर्स ही अशा डब्यांच्या संख्येवरची मर्यादा.) हाच सल्ला ऐकून मागच्या मे महिन्यात माझे नऊ दिवस गेले, म्हणून लिहितोय.

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवरचा स्टोरेज सर्व्हर, एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) ९००० बाइट. दर तीन-चार दिवसांनी एनएफएस (नेटवर्कवरून फाइली देणारी सेवा) अडकायचं. आम्ही मर्यादा वाढवली, परत वाढवली. शेवटी रात्री दोनला नेटस्टॅट -एम (नेटवर्क बफरचा हिशोब दाखवणारी कमांड) ओळीओळीने वाचलं. २ के (किलोबाइट) मापाचे क्लस्टर, म्हणजे बफरचे डबे, ढिगाने मोकळे, ४ केचे 'डिनाइड' (नाकारलेल्या मागण्या) शून्य, ९ केचे मात्र बघता बघता चढतायत. व्हीएमस्टॅट -झेडमध्येही (कर्नलच्या मेमरीवाटपाचा हिशोब) फेलचा आकडा ९ केच्याच ओळीत. रॅम भरपूर मोकळी! पण ९ केच्या एका क्लस्टरला ४ केची मेमरीची तीन पानं सलग लागतात, आणि चार दिवस राबलेल्या मशीनमध्ये सलग जागाच उरत नाही. एनएमबीक्लस्टर्स तर २ केच्या क्लस्टरची मर्यादा. आम्ही भलत्याच डब्यात तांदूळ ओतत होतो. दोन्ही टोकांना एमटीयू ४००० केला, नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर ४ केच्या क्लस्टरवर आला, त्रास थांबला.

मिहानवाला
भाऊ, एका ९ केवरून सगळ्यांना काहून झोडपून राहिले? आमचं रेप्लिकेशन (डेटाची प्रत दुसरीकडे पाठवणं) नागपूर ते फ्रँकफर्ट, लिनक्स, आरटीटी (पॅकेट जाऊन उत्तर यायचा वेळ) १४० मिलिसेकंद. वेग गुणिले आरटीटी, म्हणजे १ गिगाबिटची लाइन भरायला १७.५ एमबी डेटा वाटेवर हवा. टीसीपी_आरमेमची (येणाऱ्या डेटाच्या बफरचं लिनक्समधलं सेटिंग) कमाल होती ६ एमबी. वाढवली, त्याच संध्याकाळी लाइन भरली. बफर वाढवणं हेच तिथलं औषध होतं.

रातपाळी
तुम्ही गुणाकार करून वाढवला, त्याला माझा विरोध नाहीच. आंधळेपणाने वाढवलेल्या बफरने काय होतं ते राउटरवर बघा, पॅकेट रांगेत कुजतात. निकोल्स आणि जेकबसन या नेटवर्क संशोधकांना २०१२ मध्ये कोडेल (रांग लांबू न देणारी पद्धत) त्यासाठीच आणावं लागलं.

मिहानवाला
ती राउटरची रांग, हा सॉकेटचा (प्रोग्रॅमच्या एका नेटवर्क जोडणीचा) बफर. दोन्ही एका पोत्यात घालू नका.

वैनगंगा
बफरवर भांडून घ्या, पण रीस्टार्टवर कोणी बोलणार का? बूट झालं की सगळे काउंटर शून्य. आमच्याकडे एकच मशीन महिन्यात अकरा वेळा रीस्टार्ट झालं. बाराव्या वेळी मी सीनियरला हात लावू दिला नाही आणि एसएस -टीएम (लिनक्समध्ये प्रत्येक सॉकेटची मेमरी आणि रांग दाखवणारी कमांड) चालवलं. एकाच प्रोसेसच्या सॉकेटांचा रिसीव्ह-क्यू (आलेला पण न वाचलेला डेटा) तुडुंब. ती डेटाबेसच्या लॉकवर अडकलेली, सॉकेटमधून वाचतच नव्हती. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बिचारा तिचा माल सांभाळत बसलेला. अकरा वेळा पुरावा आम्हीच पुसला.

सदरकर
ताई, क्लायंट फोनवर ओरडत असतो तेव्हा तुम्ही नसता. मी असतो. १५ मिनिटांत सेवा सुरू झाली नाही तर दंड माझ्या टीमवर. तेव्हा पुरावा गोळा करत बसू?

वैनगंगा
मीही सहा वर्षं रात्रपाळी केली आहे, त्यामुळे हे मला ऐकवू नका. दोन-तीन कमांडचं आउटपुट फाइलीत टाकायला किती वेळ लागतो? दंड एका रात्रीचा असतो, पण तोच बिघाड महिनाभर पोरांना झोपेतून उठवतो. आमच्यातल्या एकाने त्याच पायी नोकरी सोडली.

रातपाळी
अगदी हेच. आणि दर मिनिटाला नेटस्टॅट -एम क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) टाका. एकट्या आकड्याला अर्थ नाही, तो कोणत्या वेगाने चढतोय ते लागतं.

मिहानवाला
हे मान्य. मीही आधी मोजलंच होतं. पण "बफर कधीच वाढवू नका" असं कोणी वाचलं तर ती चूक तुमच्या शीर्षकाची.

रातपाळी
मी "कधीच" लिहिलेलं नाही. पण शीर्षक तिखट झालं, हे खरं.

सदरकर
बरं. आज रनबुकमध्ये (बिघाडात करायच्या पायऱ्यांची वही) रीस्टार्टच्या वर तीन ओळी टाकतो: नेटस्टॅट -एम, व्हीएमस्टॅट -झेड, आणि लिनक्स असेल तर एसएस -टीएम. पण पाच मिनिटं झाली की मी बटन दाबणार, सांगून ठेवतो.

वैनगंगा
दाबा. फाइल तेवढी आधी दुसऱ्या मशीनवर जाऊ द्या.