नेपथ्य-वेशभूषेत दुसऱ्यांच्या परंपरेतलं घ्यायचं तर कसं घ्यायचं?

रंगपेटी: नमस्कार मंडळी. आमच्या हौशी ग्रुपच्या नवीन नाटकाचं नेपथ्य आणि वेशभूषा दोन्ही माझ्याकडे आलंय. नाटक काल्पनिक राज्यातलं, काळ-प्रदेश काहीच दिलेलं नाही, त्यामुळे दिग्दर्शक म्हणतोय मोकळं रान आहे, राजाला कथकलीसारखा हिरवा चेहरा आणि मुकुट, दरबारामागे जपानी नो नाटकात असतं तसं पाइनचं झाड, सैनिकांना आफ्रिकन मुखवटे. स्केचेस दिसतात भारी, पण मला आतून पटत नाहीये आणि का ते तालमीत नीट मांडताही येत नाही. "कलेला सीमा नसतात" असं कुणी म्हटलं की बोलणंच खुंटतं. मग बाहेरचं काही घ्यायचंच नाही का? की घ्यायची काही पद्धत असते?

विंगेतला: ताई, तुम्हाला खटकतंय ते बरोबरच आहे. तिन्ही गोष्टी नुसत्या दिसण्यावरून उचलल्यात, त्या तशा का आहेत हे कुणी विचारलेलंच नाही.

कथकलीचंच घ्या. हिरवा रंग म्हणजे पच्चा, तो धीरोदात्त पात्रांना. गालाच्या कडेने जी पांढरी कड असते ती चुट्टी, पूर्वी तांदळाची पिठी आणि चुन्याचे थर देऊन करायचे, आता कागद कापून लावतात. नट जमिनीवर आडवा पडतो आणि चुट्टी लावणारा कलाकार बराच वेळ त्याच्या चेहऱ्यावर काम करतो, हे वेगळं शिकावं लागणारं कसब आहे, केरळ कलामंडलम या कलासंस्थेत त्याचं शिक्षण मिळतं. आणि हे सगळं कशासाठी, तर समोर तेलाचा मोठा दिवा आणि रात्रभराचा खेळ, त्या हलत्या उजेडात डोळे, भुवया, ओठ लांबून दिसले पाहिजेत. एलईडीच्या सपाट पांढऱ्या उजेडात तोच चेहरा, तोही डोळ्यांची तालीम नसलेल्या नटावर, नुसता रंग फासल्यासारखा दिसणार.

पाइनचं पण तसंच. नोच्या मागच्या भिंतीवर प्रत्येक नाटकाला तेच झाड असतं, ते कुठलं जंगल दाखवत नाही. पूर्वी खेळ उघड्यावर व्हायचे म्हणून इमारतीच्या आत आणल्यावरसुद्धा रंगमंचावरचं छप्पर तसंच ठेवलंय. चार खांबांतला पुढचा एक खांब तर नटाच्या नजरेसाठी, कारण मुखवट्याची डोळ्यांची भोकं एवढी बारीक की आपण रंगमंचाच्या कडेपासून किती लांब आहोत हे तो त्या खांबावरून ठरवतो. मला तर त्या झाडापेक्षा हा खांब जास्त घेण्यासारखा वाटतो. तुमच्या नाटकात मुखवटे असतील तर हाच प्रश्न तुम्हालाही येणारे.

कापडचोपड: वरचं सगळं मान्य, पण एक भीती वाटते, असं बोलत राहिलो तर लोक घाबरून काहीच घेणार नाहीत आणि सगळी नाटकं काळ्या पडद्यापुढे होतील. परंपरा एकमेकींकडून घेतच आल्यात. अमेरिकन दिग्दर्शिका ज्युली टेमॉरने १९९७ ला 'द लायन किंग' या संगीत नाटकाचं काम केलं त्याआधी ती इंडोनेशियात काही वर्षं राहून काम करून आलेली होती. 'द लायन किंग'मध्ये मुखवटा नटाच्या चेहऱ्यावर नाही, डोक्याच्या वर आहे, त्यामुळे प्राणी आणि माणूस दोन्ही एकदम दिसतात आणि बाहुली चालवणारा लपत नाही. म्हणजे तिने बाहुली-मुखवट्याचं काम कसं चालतं ते घेतलं.

सैनिकांच्या मुखवट्यांना मात्र माझा ठाम विरोध. आफ्रिकन म्हणजे कुठला? मालीमधल्या डोगोन लोकांचे मुखवटे दामा नावाच्या विधीत नाचवतात, गेलेल्या माणसांना पूर्वजांकडे पोचवण्यासाठी. ते भालदार-चोपदारांच्या तोंडावर चढवायचे? सैनिक सगळे सारखे आणि बिनचेहऱ्याचे दिसायला हवेत एवढंच असेल तर गोणपाट, पुठ्ठा, जाळी घेऊन तुमचा स्वतःचा मुखवटा बनवा की, जास्त जोरदार होईल.

डिमर_चार: मी लाइटवाला, माझा मुद्दा जरा वेगळा. विविधता म्हणजे नुसते मुकुट-मुखवटे नाहीत, स्टेजवर उभी असलेली माणसं पण आहेत ना. सावळ्या नटाच्या शेजारी पांढराशुभ्र अंगरखा आला की कापडच चमकतं आणि चेहरा मागे जातो, मग समोरून लाइट वाढवत बसतात आणि कापड अजूनच चमकतं. कापड ऑफव्हाइट करा, बाजूने आणि मागून लाइट द्या, टेस्ट त्याच नटाला त्याच कपड्यात उभं करून घ्या. हे सगळीकडे उशिरा सुचलंय. बॅलेचे पॉइंट शूज, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर नाचायचे बूट, कित्येक वर्षं फिकट गुलाबीच मिळायचे, सावळ्या नर्तिका स्वतः मेकअप लावून ते रंगवत बसायच्या, लंडनच्या बॅले ब्लॅक या नृत्यसंस्थेसोबत फ्रीड या बूट बनवणाऱ्या कंपनीने तपकिरी छटांचे शूज काढले ते २०१८ ला.

रंगपेटी: खूप मदत झाली, खरंच. पाइन आणि मुखवटे काढतेय. पण राजाचं काय? दिग्दर्शकाला तो माणसापेक्षा मोठा दिसायला हवाय आणि ते मला पण हवंय.

विंगेतला: मग चेहरा सोडा, आकार बघा. कथकलीत कंबरेखालचा घेर इतका फुगवलेला असतो की नटाची उभं राहायची, पाऊल टाकायची पद्धतच बदलते. तुमच्या कापडात, तुमच्या पद्धतीने तसा घेर करून बघा आणि पहिल्या आठवड्यापासून नटाला तालमीत घालायला द्या, शेवटच्या रंगीत तालमीला नको, नाहीतर तो कपडा सांभाळण्यातच जाईल. आणि कथकलीचं काही थेट वापरणारच असाल तर ते शिकलेल्या माणसाला डिझाइन ठरायच्या आधी बोलवा, मानधन द्या, श्रेयनामावलीत नाव घाला. सगळं शिवून झाल्यावर "बघा, ठीक आहे ना" विचारलं तर तो बिचारा काय बोलणार.

कापडचोपड: आणि घेराला आतून वेताच्या कड्या घाला, नुसत्या कांजीवर तो उभा राहणार नाही.