व्हॉट्सॲपवर आलेली पत्रिका आमंत्रण धरायची का?

गोदाकाठचा
विषय घरातलाच आहे, पण आठ दिवस डोक्यातून जात नाही म्हणून मांडतो. चुलतभावाच्या मुलीचं लग्न आहे. भाऊ सिडकोत, आम्ही पंचवटीत, दुचाकीवर फार तर अर्धा तास. पत्रिका आली ती घराण्याच्या ग्रुपवर, सनईच्या व्हिडिओसकट. खाली ओळ: हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे.

आई 78 वर्षांची. मी तिला लग्नाचं सांगितलं तेव्हापासून तिने कुंकवाचा करंडा घासून बाहेरच्या खोलीत ठेवलाय. शेजारी नारळ आणि ब्लाउजपीस, वहिनी आली की ओटी भरायला. दुपारची आडवी होत नाही. 'ते यायचे आणि मी झोपलेली दिसायची' म्हणते. अजून कुणी आलेलं नाही. काल म्हणाली, 'तू जाऊन ये, मी काही येत नाही.'

आमच्याकडे पहिली पत्रिका गणपतीला, मग कुलदेवतेला, मग माणसांना. अक्षता घेऊन दारात गेलं की कोण आजारी आहे, कुणाचा अबोला आहे, सगळं कळायचं. 1994 साली माझं लग्न ठरलं तेव्हा वडील आणि मोठे काका वाटणीवरून चार वर्षं बोलत नव्हते. पत्रिका द्यायला जावंच लागलं. काकांनी दार उघडलं, 'ये' म्हणाले, आणि तेवढ्यावर मिटलं. ग्रुपवर टाकायची सोय असती तर वडील त्या दारात गेलेच नसते. जे करताना जीव जड होतो तेच मोबाईलने आधी सोडवून दिलं, असं माझं मत झालंय.

सातपूरची सून
दादा, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण दारोदार पत्रिका कोण वाटतं हेही बोलू या. नणंदेच्या लग्नात साडेतीनशे पत्रिका होत्या. मी कंपनीतून सहाला सुटायची आणि तशीच सासऱ्यांसोबत निघायची. तीन आठवडे रोज. प्रत्येक घरी चहा घ्यायचाच, नाही म्हटलं तर राग. दोन घरांना कुलूप, पुन्हा खेप. एवढं करून एका मावशींनी लग्नात सगळ्यांसमोर ऐकवलं, 'आमच्याकडे शेवटी आलात.' रुसवे घरोघर जाण्यातूनही व्हायचे. पुढच्या वर्षी धाकट्या दिरांच्या लग्नात ग्रुपवर पत्रिका टाकली, जवळच्या चाळीस घरी फोन केले, आणि पहिल्यांदाच मी हळदीला आजारी नव्हते.

निफाडकर
वहिनींशी सहमत. द्राक्षाची काढणी आणि लग्नसराई एकाच वेळी येतात. बाग सोडून कुठे फिरणार? आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर मजूर कुठे मिळतात, व्यापारी काय भाव देतोय, पाऊस कुठवर आला, सगळं चालतं. गारपिटीच्या रात्री त्याच ग्रुपवरून तीन भाचे ताडपत्री घेऊन आले होते.

एक गोष्ट मात्र गोदाकाठच्या दादांच्या बाजूची. निवडणुकीत दोन चुलतभाऊ त्याच ग्रुपवर एकमेकांना असं बोलले की एकाने ग्रुप सोडला. बांधाला बांध आहे दोघांचा. समोरासमोर असते तर त्यातलं निम्मंही तोंडातून निघालं नसतं.

कसमादेचा
तुमचं पत्रिकेवर चाललंय, मला 1 जुलै 2018 आठवतो. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. बाजाराचा दिवस होता, दिवसाढवळ्या. त्याच रात्री आपल्या मालेगावातही जमावाने पाच जणांना घेरलं, त्यात लहान मूल होतं. तिथे पोलिसांनी वाचवलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवायची मर्यादा जाहीर केली. भिक्षा मागत फिरणारी माणसं आपल्याकडे पिढ्यानपिढ्या येत होती. 'कुठले तुम्ही?' एवढं विचारून आपण त्यांना पीठ घालायचो. मोबाईलमधला अनोळखी आवाज खरा आणि दारातला माणूस चोर, हे कधीपासून झालं?

सराफबाजार
राईनपाड्याची लाज सगळ्यांनाच आहे. पण अफवेला व्हॉट्सॲप लागत नाही. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर गेली. तेव्हा मोबाईल कुणाकडे होते? साधे फोन आणि तोंडी निरोप यावर गेली. मीही वाटी-चमचा घेऊन रांगेत होतो. व्हॉट्सॲप तर 2009 चं.

कसमादेचा
दुधाने कुणी मेलं नाही. आणि तेव्हा माणूस शेजाऱ्याला निदान विचारत तरी होता, 'तू स्वतः पाहिलंस का?' आता खाली व्हिडिओ जोडलेला असतो, म्हणून कुणी विचारत नाही. फरक तिथे आहे.

शांत पाणी
मी कर्णबधिर आहे, इंदिरानगरला राहते. 'घरी यावं, निदान फोन तरी करावा' हे तुम्ही सगळे सहज लिहिताय. लहानपणापासून आमच्याकडे पाहुणे आले की आईशी बोलायचे, माझ्याकडे बघून हसायचे, निघताना डोक्यावर हात ठेवायचे. माझ्याच साखरपुड्यात काय ठरलं ते मला रात्री आईने लिहून दाखवलं. घराण्याच्या ग्रुपवर मी आले तेव्हा मोठ्या काकांनी मला पहिल्यांदा थेट प्रश्न विचारला, 'तुझ्या कामाचं कसं चाललंय?' मी तेव्हा 26 वर्षांची होते. मैत्रिणींशी व्हिडिओ कॉलवर हातांनी तासतास बोलते. नाती पातळ झाली म्हणता, माझी तर तिथेच सुरू झाली.

गोदाकाठचा
ताई, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आमच्या घराण्यातही एक मुलगी आहे, तिच्याशी मी कधी काय बोललोय ते आठवत बसलोय. सातपूरच्या वहिनी, तुमचंही मान्य. आमच्या पत्रिका वाटायला आईच गेली होती. नाव वडिलांचं घेतो, पण पोहे करून, आवरून, पोरं शेजारी ठेवून तीच फिरायची.

तरी आईचं काय सांगू? ती रोज दाराकडे बघते.

सातपूरची सून
दादा, एक विचारू? आई त्या ग्रुपमध्ये आहेत का?

गोदाकाठचा
नाही. तिच्याकडे बटणांचा फोन आहे.

सातपूरची सून
मग आमंत्रण तुम्हाला आलं, त्यांना आलंच नाही. रुसवा खरा आहे. पण तुमच्या भावाला हे ठाऊक असेल का? त्याच्या लेखी ग्रुपवर टाकलं म्हणजे सगळ्यांना पोचलं. मुलीचा बाप आहे, हॉलपासून आचाऱ्यापर्यंत धावतोय. काकू नारळ काढून वाट बघतायत, हे त्याला कुणी सांगितलंय? आम्हाला सांगितलंत, त्याला फोन केलात का?

गोदाकाठचा
नाही केला. आता करतो. लग्नाला अजून नऊ दिवस आहेत.