एका डोसवरून निर्धोक कसा?
गुळवेलीच्या अर्काच्या विषारीपणाच्या चाचणीवरून कोणी म्हणतं की शरीराच्या वजनाच्या किलोमागे २००० मिग्रॅ देऊनही एकही रॅट दगावला नाही, म्हणजे अर्क निर्धोक. नाही हो, हा एकाच डोसचा निकाल. यकृताचं काय, ते २८ दिवस रोज डोस देऊन एएलटी, एएसटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम्स) आणि सूक्ष्मदर्शकाखाली ऊतींचे काप पाहिल्यावरच कळतं.

शिवाय ठाणे-बेलापूरच्या दमट जुलैत अर्काच्या वजनाचाच घोळ होतो, त्यावर कोणी बोलत नाही. वाळवलेला अर्क ओल ओढून काकवीसारखा चिकटतो. काट्यावर दिसतं त्यात पाणीही आलं. सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, वजन झटपट उरका. ०.५ टक्का सीएमसीत (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजच्या दाटसर द्रावणात) कालवलेलं अर्काचं सस्पेन्शन प्रत्येक सिरिंज भरताना हलवा, नाहीतर शेवटच्या रॅटला सगळा गाळ. आणि डोस देताच एखादा मेला तर आधी श्वासनलिका, फुप्फुसं उघडा. तिथे अर्क सापडला तर चूक गॅवाजच्या, म्हणजे तोंडातून थेट जठरात डोस सोडायच्या, सुईची.