मदत हवी आहे: डोक्याला मार लागल्यानंतर मटक्याचा नाद, सोलापुरात वर्तनोपचार कोण करतं?

नमस्कार मंडळी,

माझा थोरला भाऊ अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर जॉबर (माग दुरुस्त करणारा) होता. गाडीवरून पडला, मेंदूच्या पुढच्या भागात रक्तस्राव झाला, ऑपरेशन झालं. आता चालतो, बोलतो, हिशेबही बरोबर करतो. पण पूर्वी पत्त्यांनासुद्धा हात न लावणारा माणूस रोज ओपन-क्लोज लावतोय. वहिनीची विडीची मजुरीही त्यातच जाते.

मटक्यात कोण सुधारलंय का, असं विचारलं तर तोच आपल्याला पटवून देतो की फक्त बुकी सुधारतो. आणि संध्याकाळी आकडा लावून येतो! सर्जन म्हणाले, फ्रंटल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या या पुढच्या भागाच्या, इजेनंतर असं होऊ शकतं. 1994 साली आयोवात बेकारा, दामासिओ वगैरे संशोधकांनी पत्त्यांच्या चार गठ्ठ्यांचा प्रयोग केला होता. दोन गठ्ठ्यांत बक्षीस मोठं, पण शेवटी तोटाच. इतर लोक हळूहळू त्यातून बाजूला झाले, या भागाला इजा झालेले मात्र तिकडेच जात राहिले. आमच्या नातेवाइकांना हे कोण सांगणार? त्यांचं एकच, पंढरपूरला नेऊन माळ घाला.

समुपदेशन करून झालं. तिथं तो सगळ्याला हो म्हणतो, कारण उपदेश त्याला पाठच आहे. वर्तनोपचारात म्हणे आधी नोंद ठेवतात: कधी, कुठं, कोणासोबत लावतो आणि त्यातून त्याला काय मिळतं. 2012 मध्ये मेंदूला इजा झालेल्या तिघांवर असा उपचार करून जुगार कमी झाल्याचा अमेरिकेतला अभ्यास आहे. तिघंच, त्यामुळे फार हुरळलो नाही. पण वहिनीनं वही घातली आणि दिसलं की तो दुपारी रिकामा असला, टपरीवर जुने मागवाले भेटले, की लावतोच. पैशापेक्षा सोबत हवी असावी.

पार्किन्सनच्या काही गोळ्यांनीही जुगाराचा नाद लागतो, म्हणून तेही डॉक्टरांना विचारलं. तसली गोळी चालू नाही.

मेंदूच्या इजेची जाण असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सोलापुरात, नाहीतर पुण्यात, कोणाला माहीत आहेत का? सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीचा अनुभव? आणि घरी पैशाचं कसं करता? फोनपे बंद केलं तर उधारीवर लावतो, आणि वहिनीनं रोज मोजून पैसे दिलेले त्याला लागतं. शेवटी घरचा कर्ता आहे तो.

डॉक्टरांचे नंबर इथं टाकण्यापेक्षा व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तर बरं.